एक खेळाडू, दोन दुहेरी: युता वातानाबेच्या कारकिर्दीतला एक निर्णय

29 जुलै 2021. टोकियो ऑलिंपिकमध्ये, मुसाशिनो फॉरेस्ट स्पोर्ट प्लाझाच्या कोर्टवर जपानचा बॅडमिंटनपटू युता वातानाबे एकाच दिवशी दोन सामने हरला. पुरुष दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी हिरोयुकी एन्दोबरोबर, मिश्र दुहेरीची उपांत्य फेरी अरिसा हिगाशिनोबरोबर. दोन्ही वेळा ज्यांनी हरवलं त्यांनीच पुढे सुवर्ण नेलं: पुरुषांत तैवानचे ली यांग आणि वांग ची-लिन, मिश्रमध्ये चीनचे वांग यिल्यू आणि हुआंग डोंगपिंग. दुसऱ्या दिवशी वातानाबे आणि हिगाशिनो पुन्हा कोर्टवर उतरले आणि हाँगकाँगच्या तांग चुन मान आणि त्से यिंग सुएत यांना 21-17, 23-21 असं हरवून कांस्यपदक घेतलं. ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत जपानला मिळालेलं हे पहिलं पदक.

प्रश्न असा, की त्याने दोन्ही प्रकार खेळायला हवे होते का? आणि एक सोडायचा होता, तर कधी?

प्रकरण अभ्यासात एरवी नावं झाकली जातात. इथे झाकून उपयोग नाही. ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेच्या दोन्ही दुहेरी एकाच वर्षी जिंकणारा डावखुरा जपानी म्हटलं की कोण ते बॅडमिंटन बघणाऱ्याला लगेच कळतं. मात्र बंद खोलीत कोण काय बोललं यात आपण शिरणार नाही. वेळापत्रक, निकाल आणि खेळाची रचना एवढ्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

पार्श्वभूमी

वातानाबेचा जन्म 1997 चा, टोकियोतला. शाळेसाठी तो फुकुशिमा प्रांतातल्या तोमिओका गावी गेला. बॅडमिंटनसाठी मुलांना तिथे पाठवायची तेव्हा पद्धतच पडली होती. केंतो मोमोताही तिथलाच. हिगाशिनो होक्काइडोतल्या इवामिझावाची, शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे. मार्च 2011 च्या भूकंपानंतर अणुभट्टीचा अपघात झाला, तोमिओका रिकामं करावं लागलं आणि बॅडमिंटनची मुलं इनावाशिरोला हलली. ही जोडी त्या काळात जमली. 2014 मध्ये मलेशियातल्या अलोर सेतार इथे झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत त्यांनी मिश्र दुहेरीचं कांस्य मिळवलं आणि पुढे दोघंही निहोन युनिसिस या कंपनीच्या संघात गेले.

जपानमध्ये मिश्र दुहेरी तोवर सावत्र होती, आणि त्याला कारण आहे. शालेय खेळाडूंसाठी सगळ्यात मानाची असलेली इंटर-हाय स्पर्धा एकेरी, दुहेरी आणि सांघिक. मिश्र त्यात नाहीच. कंपन्यांच्या लीगमध्ये पुरुषांचा संघ वेगळा, महिलांचा वेगळा. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलापासून पगारी खेळाडूपर्यंत कुणालाच मिश्र दुहेरीवर रोजचा घाम गाळायचं कारण नव्हतं. खेळाडू मुख्य प्रकार सांभाळून उरल्या वेळात मिश्र खेळायचे. वातानाबेसुद्धा वरिष्ठ गटात आला तो दोन्ही घेऊनच. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर एन्दोचा जोडीदार केनिची हायाकावा थांबला, त्याला नवा जोडीदार हवा होता आणि त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला हा डावखुरा त्याला मिळाला.

18 मार्च 2018 ला बर्मिंगहॅममध्ये सगळं बदललं. मानांकन नसलेल्या वातानाबे आणि हिगाशिनोने ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत चीनच्या झेंग सिवेई आणि हुआंग याछिओंग यांना 15-21, 22-20, 21-16 असं हरवलं. या स्पर्धेत मिश्र दुहेरी जिंकणारी ती पहिली जपानी जोडी. त्यानंतर जपानच्या संघात मिश्र दुहेरीसाठी मलेशियाचे जेरेमी गान स्वतंत्र प्रशिक्षक म्हणून आले. उरल्या वेळातला प्रकार आता पदकाचा प्रकार झाला होता.

त्याच काळात पुरुष दुहेरीही जोरात होती. एन्दो आणि वातानाबे यांनी 2019 ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा वुहानमध्ये जिंकली, अंतिम फेरीत तेव्हाच्या अव्वल गिदोन आणि सुकामुल्जो यांना 21-18, 21-3 असं लोळवून. तो 21-3 चा गेम आजही क्लिप काढून बघितला जातो. मार्च 2020 मध्ये त्याच इंडोनेशियन जोडीला त्यांनी ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत पुन्हा हरवलं. म्हणजे एक प्रकार वर जातोय आणि दुसरा पडतोय, असा सोपा मामला नव्हता. दोन्ही वर चालले होते.

अडचण नेमकी कुठे होती

दमछाक हे पहिलं उत्तर कुणीही देईल. ते खरं आहे, पण अर्धंच.

आधी दमछाकीचं गणित बघू. 32 जोड्यांच्या ड्रॉमध्ये जिंकायला 5 सामने लागतात. दोन्ही प्रकारांत अंतिम फेरी गाठली तर 10 सामने, तेही 5 ते 6 दिवसांत. ऑलिंपिकमध्ये 4-4 जोड्यांचे गट, म्हणजे गटात 3 सामने, मग उपांत्यपूर्व, उपांत्य आणि पदकाचा सामना. एका प्रकारात जास्तीत जास्त 6, दोन्हींत 12. टोकियोत वातानाबेचे झाले 10: मिश्रचे 6 आणि पुरुष दुहेरीचे 4, 24 ते 30 जुलै या 7 दिवसांत.

पण सामना सामन्यासारखा नसतो. एन्दो आणि वातानाबे जिंकायचे ते बचावावर. समोरचा स्मॅश मारत राहणार, हे दोघं परतवत राहणार, आणि त्याचे खांदे उतरले की मग ड्राइव्ह, म्हणजे नेटलगत सपाट वेगवान फटके, घालून डाव उलटवणार. गिदोन आणि सुकामुल्जो यांच्यासारखी झटपट गुण काढणारी जोडी त्यामुळेच त्यांच्यासमोर अडकायची. या पद्धतीची किंमत म्हणजे लांब रॅली. खाली बसून बचाव करताना मांड्या आणि कंबर यांच्यावर सतत ताण येतो. तर पुरुष दुहेरीचा एक जिंकलेला सामनाही या खेळाडूला महाग पडत होता. त्याचा जोडीदार आक्रमक असता तर हेच गणित वेगळं झालं असतं. किती सामने यापेक्षा कसे सामने, हे आधी मोजायला हवं.

दुसरी अडचण कोर्टवर उभं राहण्याची. पुरुष दुहेरीत सर्व्हिस करणारा शॉर्ट सर्व्हिस लाइनला, म्हणजे नेटपासून 1.98 मीटरवर, जवळजवळ चिकटून उभा राहतो. मिश्रमध्ये पुरुष सर्व्हिस करतो तेव्हा त्याची जोडीदार त्याच्या पुढे, टी-जवळ (सर्व्हिस लाइन आणि मधली रेषा मिळतात तिथे) वाकून उभी असते आणि तो पाऊल-दोन पावलं मागे असतो. शटलला जास्त अंतर कापायचं, तरी नेटवरून घासूनच जायचं. 2018 पासून सर्व्हिसचा संपर्क 1.15 मीटरच्या खाली हवा हा नियमही आहे, त्यामुळे हात उंच धरून वेळ मारून नेता येत नाही. मनगटाचा धक्का दोन्हींत वेगळा लागतो. सकाळी एक सर्व्हिस, संध्याकाळी दुसरी. पहिल्या पाच-सहा सर्व्हिस नेटच्या चार बोटं वरून गेल्या तर या पातळीवर तेवढ्यात गेम अर्धा हातातून जातो.

सर्व्हिसनंतर पुढे काय? पुरुष दुहेरीत दोघं फिरते असतात. एक पुढे गेला की दुसरा मागे आणि पुन्हा उलट. मिश्रमध्ये पुरुषाला बराच वेळ 6.10 मीटर रुंदीचं मागचं कोर्ट एकट्याने सांभाळावं लागतं, कारण समोरचे मुद्दाम शटल त्या दोन कोपऱ्यांत फिरवतात. बचावातही फरक आहे. पुरुष दुहेरीत अर्धं-अर्धं कोर्ट वाटून घेतात. मिश्रमध्ये बाई सहसा स्मॅश मारणाऱ्याच्या तिरक्या बाजूला थांबते, म्हणजे तिला शटल बघायला जरा जास्त वेळ मिळतो; सरळ रेषेतला मारा आणि मधली फट पुरुषाने घ्यायची. मधल्या फटीवर कुणाची रॅकेट जाणार हे दोन प्रकारांत वेगळं आहे, आणि ते ठरवायला वेळ असतो पाव सेकंदाचा.

इथे वातानाबे आणि हिगाशिनो यांची खासियत आडवीच येत होती. हिगाशिनो पुढे फार वेगवान, पण ती मागून स्मॅशही मारते. आणि 167 सेंटिमीटर उंचीचा वातानाबे नेटजवळ नाजूक हाताचा. त्यामुळे नेहमीच्या मिश्र जोड्यांपेक्षा ते जास्त वेळा जागा बदलतात. हे बघायला सुरेख, पण दोघांची एकमेकांची इतकी सवय लागते की ती तासन् तास एकत्र खेळूनच येते. त्याचे निम्मे तास एन्दोकडे जात होते.

डावखुरा असण्याचाही एक धागा आहे. शटलची 16 पिसं एकाच दिशेने एकमेकांवर चढवलेली असतात, म्हणून उडताना ते नेहमी एकाच बाजूला फिरतं. डावखुऱ्याचा स्लाइस (तिरकी कापलेली रॅकेट) त्या फिरकीवर उलट बाजूने बसतो आणि ड्रॉप, म्हणजे नेटलगत टाकलेला हलका फटका, अपेक्षेपेक्षा वेगळा पडतो. उजव्या आणि डाव्या हाताची जोडी असली तर दोन्ही कडांना फोरहँड ठेवता येतो. दोन्ही जोडीदार उजव्या हाताचे, म्हणजे हा फायदा वातानाबेला दोन्हीकडे होता. सांगायचं कारण एवढंच, की असा खेळाडू दोन्ही प्रकारांना हवाहवासा वाटतो आणि संघ त्याला सहज सोडत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात कमी बोलली गेलेली: हिगाशिनो. ती टोकियोत फक्त मिश्र खेळत होती. ज्या दिवशी जोडीदाराचा आधी दुसरा सामना आहे त्या दिवशी तिचा वॉर्म-अप कुणाबरोबर? सामन्याआधी एकत्र पाच मिनिटं सर्व्हिस-रिसीव्ह करायची तर तो मसाजच्या टेबलावर. त्याचा सामना तीन गेमचा झाला तर आपली वेळ सरकणार. दोन प्रकार खेळणारा दमतो ते सगळ्यांना दिसतं. एकच प्रकार खेळणाऱ्या जोडीदाराची घडी विस्कटते ते आकड्यांत येत नाही.

समोर असलेले पर्याय

2018 च्या ऑल इंग्लंडनंतर ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, पुरुष दुहेरी सोडून फक्त मिश्र. जपानकडे पुरुष दुहेरीत कामुरा आणि सोनोदा होते, मागून होकी आणि कोबायाशी येत होते (त्यांनी डिसेंबर 2021 मध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं). मिश्रमध्ये मात्र या तोलाचं दुसरं कुणी नव्हतं. संघाच्या गरजेच्या हिशेबाने हीच वाट सरळ दिसते. अडथळा एन्दो. टोकियोच्या वेळी तो 34 वर्षांचा असणार होता. नव्या जोडीदाराबरोबर पात्रतेचे गुण गोळा करायला त्याच्याकडे वर्षं उरली नव्हती. वातानाबेने सोडलं असतं तर एन्दोचं ऑलिंपिक तिथेच संपलं असतं.

दुसरी, मिश्र सोडून फक्त पुरुष दुहेरी. जुन्या जपानी रिवाजाने हेच झालं असतं. 2018 नंतर ते कुणी गंभीरपणे मांडलं असेल असं वाटत नाही.

तिसरी, दोन्ही ठेवायचे आणि स्पर्धा वाटून घ्यायच्या: अमुक ठिकाणी फक्त मिश्र, तमुक ठिकाणी फक्त पुरुष. ऐकायला शहाणपणाची. पण दुहेरीतल्या पहिल्या 10 जोड्यांना मोठ्या स्पर्धा बंधनकारक असतात आणि ऑलिंपिक पात्रतेला सर्वोत्तम निकाल धरले जातात. दोन्ही प्रकारांत वरच्या क्रमांकावर असलेल्याला वगळण्याजोगी स्पर्धा फार थोडी उरते.

चौथी, दोन्ही सगळीकडे. प्रवास तोच, हॉटेल तेच, सामने दुप्पट.

आणखी एक गोष्ट या निर्णयावर सावली धरून होती. जपानचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक पार्क जू-बाँग स्वतः दोन्ही प्रकारांचे बादशहा. 1985 आणि 1991 मध्ये त्यांनी एकाच जागतिक स्पर्धेत पुरुष आणि मिश्र दोन्ही दुहेरी जिंकल्या होत्या. दोन्ही जमतं याचा जिवंत पुरावा संघाच्या बाकावरच बसला होता. फक्त तेव्हाचा खेळ निराळा होता. सर्व्हिस असेल तरच गुण, हे 2006 मध्ये गेलं आणि प्रत्येक रॅलीला गुण देणारी 21 ची पद्धत आली. आता सामन्याच्या सुरुवातीला अंग गरम होईपर्यंत चाचपडायची सवलत उरलेली नाही. चार चुका म्हणजे चार गुण. दोन प्रकारांतला सांधा बदलताना नेमकी तीच सवलत लागते.

काय केलं

चौथी वाट. 2018 ते 2021 वातानाबे दोन्ही खेळला.

निकाल वाईट म्हणता येणार नाहीत. 2019 मध्ये बासेलच्या जागतिक स्पर्धेत मिश्रचं कांस्य, त्या प्रकारात जपानचं पहिलं. पुरुष दुहेरीत 2018 आणि 2019 या दोन्ही वर्षी वर्षअखेरच्या वर्ल्ड टूर फायनल्सच्या अंतिम फेरीत. आणि 21 मार्च 2021 ला, एकाच दिवशी, ऑल इंग्लंडचे दोन्ही किताब: एन्दोबरोबर कामुरा आणि सोनोदा यांना 21-15, 17-21, 21-11, हिगाशिनोबरोबर युकी कानेको आणि मिसाकी मात्सुतोमो यांना 21-14, 21-13.

हा दिवस या प्रकरणातला सगळ्यात फसवा दिवस आहे. दोन्ही अंतिम फेऱ्या जपानी विरुद्ध जपानी होत्या. चीन आणि कोरिया स्पर्धेला आलेच नव्हते. विमानातल्या एका सहप्रवाशाला कोविड निघाल्याने इंडोनेशियाच्या सगळ्या संघाला स्पर्धेच्या मध्येच बाहेर पडावं लागलं होतं. शिवाय जपानी संघ साथीमुळे वर्षभर बाहेर फारसा खेळलाच नव्हता. जानेवारीतल्या बँकॉकच्या स्पर्धाही त्यांनी सोडल्या होत्या. म्हणजे मार्च 2020 ते जुलै 2021 या काळात टोकियोची खरी रंगीत तालीम जवळपास ही एकच, आणि तीही अर्ध्या नटांच्या गैरहजेरीत. तिच्यावरून दोन्ही झेपतं असा निष्कर्ष काढणं स्वाभाविक होतं, पण तो पुरावा कच्चा होता. ली यांग आणि वांग ची-लिन किंवा चीनच्या दोन मिश्र जोड्या यांच्याविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने, ही परीक्षा झालीच नव्हती.

टोकियो

ऑलिंपिकचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. मिश्रची उपांत्यपूर्व 28 जुलैला, उपांत्य 29 ला, पदकाचे सामने 30 ला. पुरुषांची उपांत्यपूर्व 29 ला, उपांत्य 30 ला, पदकाचे 31 ला. दोन्हींत पुढे गेलं तर 29 आणि 30 या दोन दिवशी टक्कर होणार हे कागदावर आधीपासून दिसत होतं.

29 ला काय झालं ते वर आलंच. पुरुषांचा सामना 16-21, 19-21. दुसरा गेम बघितला तर हे दोघं कोसळले असं म्हणता येत नाही. ली यांग आणि वांग ची-लिन त्या आठवड्यात भरात होते. संपूर्ण स्पर्धेत ते एकच सामना हरले, गटातला पहिला, तोही आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि मुंबईच्या चिराग शेट्टीकडून, 21-16, 16-21, 27-25 असा. (तरी सात्विक आणि चिराग गटातूनच बाहेर पडले, तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय आणि मग गेमच्या फरकाचा हिशेब.) म्हणून पराभवाचं खापर थेट थकव्यावर फोडणं बरोबर नाही. एवढं म्हणता येईल, की त्या दिवशी त्याला जगातल्या दोन सर्वोत्तम जोड्यांशी, दोन वेगळ्या रचनांत, दोन वेगळ्या सर्व्हिसने खेळायचं होतं आणि समोरच्या चौघांपैकी कुणालाही तो बोजा नव्हता.

पुरुष दुहेरी त्या दिवशी संपली याचा एक उलटा परिणाम झाला. 30 तारखेला त्याच्यापुढे एकच सामना उरला. तांग आणि त्सेविरुद्धचा दुसरा गेम 23-21 पर्यंत ताणला गेला. सकाळी पुरुषांची उपांत्य फेरी खेळून तो तिथे आला असता तर? याचं उत्तर कुणाकडे नाही, पण संघाने हा प्रश्न 29 च्या आधी विचारायला हवा होता.

त्यानंतर

एन्दो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. वातानाबेने पुरुष दुहेरीत नवा जोडीदार घेऊन पुन्हा वर चढायचं की थांबायचं, हा दुसरा निर्णयबिंदू. तो मिश्रवर थांबला. इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू: सोडायचं की नाही हे तीन वर्षं लोंबकळत राहिलं आणि शेवटी सुटलं ते जोडीदाराच्या वयामुळे. ठरवून सोडलं असं झालं नाही.

फरक लगेच दिसला. ऑक्टोबर 2021 मध्ये डेन्मार्क ओपन आणि फ्रेंच ओपन पाठोपाठ. डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या उएल्वाच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. मार्च 2022 मध्ये ऑल इंग्लंड तिसऱ्यांदा, आणि या वेळी अंतिम फेरीत टोकियोचे सुवर्णविजेते वांग आणि हुआंग यांनाच 21-19, 21-19. ऑगस्टमध्ये घरच्या, टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा रौप्य. 2023 मध्ये कोपनहेगनला कांस्य आणि हांगझोच्या आशियाई खेळांत रौप्य.

तरी एक भिंत तशीच राहिली. टोकियोची 2022 ची जागतिक अंतिम फेरी, हांगझोची अंतिम फेरी, पुढे पॅरिस ऑलिंपिकची उपांत्य फेरी; तिन्ही ठिकाणी समोर झेंग आणि हुआंग याछिओंग, तिन्ही ठिकाणी हार. 2018 मध्ये ज्यांना हरवून सगळं सुरू झालं तेच. पुरुष दुहेरी सोडल्यावर सातत्य आलं, पण या मोठ्या सामन्यांत जगातली सर्वोत्तम जोडी त्यामुळे हरवता आली नाही. झेंग आणि हुआंग यांचे ते घडायचे दिवस, 2018 ते 2021, पूर्णवेळ मिश्रवर गेले, वातानाबेचे अर्धवेळ. 2021 मध्ये सोडून ती तूट भरून निघणार नव्हती असं आमचं मत. सिद्ध करता येत नाही, पण वर्षांचा हिशेब त्याच बाजूने बोलतो.

मध्ये 2023 च्या उन्हाळ्यात वातानाबेने कंपनीचा संघ सोडला आणि स्वतंत्र व्यावसायिक झाला. हिगाशिनो कंपनीतच राहिली. जोडी टिकली. तो वेगळा अभ्यासाचा विषय आहे.

पॅरिस: तोच पेच, नेटच्या पलीकडे

2 ऑगस्ट 2024, पोर्त द ला शापेल. कांस्यपदकाच्या सामन्यात समोर कोरियाचे सेओ सेउंग-जे आणि चे यू-जुंग. सेओही डावखुरा, आणि तो दोन्ही दुहेरी खेळत होता. वर्षभरापूर्वी कोपनहेगनला त्याने दोन्हींत जागतिक विजेतेपद मिळवलं होतं, म्हणजे त्याच्याजवळचा पुरावा वातानाबेच्या 2021 च्या पुराव्याहून कितीतरी भक्कम होता. तरी 1 ऑगस्टला तो पुरुषांची उपांत्यपूर्व फेरी हरला आणि मिश्रची उपांत्य फेरीही, किम वॉन-हो आणि जियोंग ना-एउन या देशबंधूंकडून, तिसरा गेम 23-21 पर्यंत ताणून. टोकियोचं 29 जुलै जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी ताजा होता तो वातानाबे. 21-13, 22-20. जपानच्या जोडीला सलग दुसरं ऑलिंपिक कांस्य आणि सेओ रिकाम्या हाताने परत. पहिला गेम 13 वर संपला त्यात थकव्याचा भाग नक्की किती, हे सांगणं धाडसाचं. दुसरा 22-20 झाला म्हणजे कोरियन जोडी संपलेलीही नव्हती.

सेओने 2025 मध्ये किम वॉन-होबरोबर पुरुष दुहेरीवर जोर दिला आणि जागतिक विजेतेपद मिळवलं. आपल्याकडे सात्विकनेही हेच केलं. जानेवारी 2021 मध्ये थायलंड ओपनला तो चिरागबरोबर आणि अश्विनी पोनप्पाबरोबर, दोन्ही उपांत्य फेऱ्या एकाच दिवशी हरला होता. पुढे मिश्र मागे पडली आणि चिरागबरोबर आशियाई सुवर्ण आणि अव्वल क्रमांक आला.

वातानाबे आणि हिगाशिनो यांची जोडी पॅरिसनंतर त्याच वर्षी थांबली. तो माया तागुची या तरुण खेळाडूबरोबर मिश्रच खेळू लागला. हिगाशिनो आयाको साकुरामोतोबरोबर महिला दुहेरीकडे वळली.

वेगळं काय करता आलं असतं

एन्दोला वाऱ्यावर सोडायला हवं होतं असं नाही. 2019 मध्ये ती जोडी खरंच जगातल्या पहिल्या दोन-तीनांत होती. चूक दोन्ही ठेवण्यात नव्हती. कुठला प्रकार आधी हे न ठरवता दोन्ही ठेवण्यात होती. साथीमुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा हे ठरवायला निवांत वेळ मिळाला होता.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर मुलांना दोन-तीन प्रकारांत उतरवणाऱ्या प्रशिक्षकांना यातून घेण्यासारखं बरंच आहे, कारण आपल्याकडच्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात आणि टक्कर तिथे अंतिम फेरीच्या आधीच होते.

प्रवेशिका भरण्याआधी ड्रॉचा आकार बघून दोन्ही प्रकारांचे जास्तीत जास्त सामने मोजा आणि टक्करीचा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्या दिवशी कुठला सामना महत्त्वाचा हे दोन्ही जोडीदारांसमोर, स्पर्धेआधी बोला. मागाहून कळलं तर दुय्यम ठरलेल्याला ते झोंबतं आणि तो राग कोर्टवर दिसतो.

एकच प्रकार खेळणाऱ्या जोडीदाराला वॉर्म-अपसाठी तिसरा खेळाडू नेमून द्या. शक्यतो त्याच हाताचा; डावखुऱ्याच्या जोडीदाराला डावखुरा मिळाला तर उत्तम, नाहीतर किमान सर्व्हिस तरी डाव्या कोनातून येऊ द्या.

दोन सामन्यांमध्ये दहा मिनिटं मिळाली तरी ती पूर्ण कोर्ट खेळण्यात घालवू नका. पुरुष दुहेरीनंतर मिश्र असेल तर मागच्या जागेवरून वीस-पंचवीस सर्व्हिस, समोर जोडीदार प्रत्यक्ष उभी करून. ती पुढे नसताना केलेला सराव फसवतो. डोक्यावरून शटल नेण्याची भीती मनगटाला तिच्या उपस्थितीतच कळते. मग मधल्या फटीवर दहा ड्राइव्ह, कुणी घ्यायचं ते मोठ्याने ओरडून.

खाणं सामना संपल्याच्या पहिल्या अर्ध्या तासात सुरू व्हायला हवं. वजनाच्या दर किलोला तासाला साधारण 1 ग्रॅम कर्बोदक हा रुळलेला हिशेब. 60 किलोच्या मुलाला दोन केळी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत तेवढं भरून काढतं. वडापाव पोटात बसून राहतो. कॅन्टीनच्या रांगेत त्याला पाठवू नका, डबा आधी तयार ठेवा.

आणि दर हंगामाच्या शेवटी, दोन्ही प्रकार चांगले चालले असतानाच, सोडायचा प्रश्न टेबलावर घ्या. एक प्रकार बिघडला की निर्णय सोपा असतो, पण तोवर दुसऱ्याची वर्षं गेलेली असतात. त्या बैठकीत गेल्या हंगामातले फक्त तेच सामने बघा ज्यांत समोर पूर्ण ताकदीचे प्रतिस्पर्धी होते आणि त्याच दिवशी दुसरा सामनाही होता. बहुतेक वेळा असे सामने चार-पाचच निघतात.